तुझे टेहळणी बुरूज आणि मी रद्द केलेलं भाषण

प्रिय आई,

तू गेलीस त्याला चौदा महिने झाले. इतक्या दिवसांत मी तुला एक ओळही लिहिली नाही. लिहायचं तरी काय, असं वाटायचं. दिवस केले, फोटो लावला, तुझ्या साड्या तुझ्या सुनेने, शलाकाने, घड्या घालून ठेवल्या, भारतातून सगळ्यांचे फोन येऊन गेले. मुलाने करायचं ते सगळं मी केलं, अशी माझी समजूत होती. "आईचं फार केलंस रे मंदार," असं मामा फोनवर म्हणाला तेव्हा मी ते मुकाट्याने ऐकून घेतलं. नको होतं ऐकून घ्यायला.

गेल्या शनिवारी मला एक गोष्ट कळली. माझं एक खोटं तुला दीड वर्षापूर्वीच कळलं होतं, आणि तू ते मला कधी कळू दिलं नाहीस. आठवडा झाला, ऑफिसात लक्ष लागत नाही. जेवताना शलाकाकडे बघवत नाही. म्हणून हे पत्र. खरं तर हे तुझ्यासमोर बसून बोलायचं होतं. तू असतीस तर धीर झाला असता का, कोण जाणे!

बाबा गेले आणि मी तुला वर्ध्याहून इथे अमेरिकेत, कॅरीला घेऊन आलो. "एकटी कशी राहशील?" असं म्हणालो. "तिकडे राहायला आवडेल का?" असं विचारलं का गं मी? आठवत नाही. विचारलं नसणार.

आम्ही दोघं सकाळी आठला आपापल्या गाड्या काढून निघून जायचो. तू, घर आणि मागची पाइनची झाडं. इथे गाडी चालवता येत नाही म्हणजे पाय नसल्यासारखंच, असं मीच तुला पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं. "पाय आहेत ना बाप्पा मला!" तू म्हणालीस, आणि तिसऱ्या आठवड्यात पंचवीस मिनिटं चालत जाऊन लायब्ररी शोधून काढलीस. सुती साडी, पायात शलाकाने आणलेले स्पोर्ट्स शूज आणि उन्हासाठी बाबांची काळी छत्री. दोनदा गाड्या थांबवून लोकांनी तुला विचारलं, बाई, काही मदत हवी आहे का? त्यातले एक आमच्याच गल्लीतले निघाले. त्यांनी मला सांगितलं, आणि मला इतकं ओशाळल्यासारखं झालं!

"आई, रस्त्याने अशी चालत नको जात जाऊस. लोक बघतात."

"बघू दे की. वर्ध्यात काय लोक डोळे मिटून चालतात?"

त्या लायब्ररीत तुला ते पुस्तक सापडलं. मोठं, जाड, रंगीत चित्रांचं, रोमन साम्राज्याच्या सरहद्दींवरचं. तू ते दोन्ही हातांत धरून घरी आणलंस, आणि संध्याकाळी मी दारातून आत येतो न येतो तोच सुरू झालीस. "अरे, मी तीस वर्षं नववीच्या पोरांना रोमन साम्राज्य शिकवलं. अडीच पानांत! सम्राट, लढाया, ऱ्हासाची कारणं पाच. आणि हे बघ, हे तर मला कोणी सांगितलंच नाही!"

उत्तर इंग्लंडचा नकाशा होता तो. रोमन लोकांनी तिथे बेटाच्या आरपार भिंत बांधली, हे मलाही ऐकून माहीत होतं. पण पश्चिमेला समुद्र लागला की भिंत संपते, आणि पहारा मात्र संपत नाही, हे तू मला सांगितलंस. पुढे मैलोन्‌मैल नुसता किनारा, आणि किनाऱ्यावर ओळीने छोट्या चौक्या. दर दोन चौक्यांच्या मध्ये दोन टेहळणी बुरूज. एका बुरुजावरून पुढचा दिसला पाहिजे, इतक्याच अंतरावर. पलीकडून होड्या येतात का ते बघत उभं राहायचं, एवढंच त्या माणसांचं काम.

"किती माणसं असतील रे एका बुरुजावर? आणि त्यांचं जेवण कोण रांधत असेल?"

"आई, दोन हजार वर्षं झाली त्याला. जाऊ दे ना."

तू थोडीच जाऊ देणार होतीस! आयुष्याची चाळीस वर्षं समुद्र न पाहिलेली बाई तू. शाळेची सहल घेऊन कोकणात गेलीस तेव्हा पोरांच्या आधी तूच पाण्याकडे पळत सुटली होतीस, हे बाबा प्रत्येक पाहुण्याला सांगायचे. वर्ध्याच्या उन्हात वाढलेल्या त्या बाईला परक्या देशातल्या थंड किनाऱ्यावरच्या पहारेकऱ्यांचं एवढं काय वाटलं, हे मी तुला कधी विचारलं नाही. विचारावंसंच वाटलं नाही मला.

तू मात्र सांगत राहायचीस. त्या भिंतीजवळच्या एका किल्ल्यात लाकडाच्या पातळ फळ्यांवर शाईने लिहिलेली पत्रं सापडली आहेत, हे तू भाजी वाढता वाढता सांगितलंस. एका पत्रात कोणीतरी कोणालातरी कळवतंय की तुला मोजे पाठवलेत, सँडलचे दोन जोड आणि दोन चड्ड्याही पाठवल्यात. तुला त्या चड्ड्यांचं इतकं हसू आलं की ठसका लागला. "बघ, सम्राटाने काय केलं ते पाठ करून घेतलं आम्ही, आणि त्या बिचाऱ्याला तिथे थंडी वाजत होती हे कोणी सांगितलं नाही!" शलाका हसली. मी फोनमध्ये होतो.

आणि तो रविवार आठवतो? त्या बुरुजांमधलं अंतर रोमन मैलाच्या एक तृतीयांश होतं, म्हणजे जवळजवळ पाचशे मीटर. तुला ते चालून बघायचं होतं. घरामागच्या ग्रीनवेवर, त्या झाडीतल्या पायवाटेवर, तू मला एका टोकाला उभं केलंस आणि पावलं मोजत सरळ चालत गेलीस. एवढ्या अंतरावरून माणसाने हलवलेला हात दिसतो का, हे तुला तपासायचं होतं. मी उभा होतो खरा, पण कानात मीटिंग चालू होती आणि नजर खाली स्क्रीनवर. तू धापा टाकत परत आलीस. "दिसला का रे हात?"

"हो, दिसला की."

"कोणता हलवला मी?"

"उजवा."

"छत्री हलवली रे मी," तू म्हणालीस, आणि हसून पुढे चालू लागलीस. रागावली का नाहीस गं तेव्हा? एक सणसणीत बोलली असतीस तर बरं झालं असतं.

त्या लायब्ररीत लिंडा होती. साठीची, पांढऱ्या आखूड केसांची, सावकाश दक्षिणी इंग्रजी बोलणारी. तू तिला लिंडाबाई म्हणायचीस. शाळेत तुला सगळे बाई म्हणत, तेच तू तिला सांगितलंस, म्हणून ती तुला "मिस बाई" म्हणू लागली. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी तिथे गावातलंच कोणीतरी आपल्या आवडीच्या विषयावर वीस मिनिटं बोलतं. एका महिन्यात मधमाश्या पाळणारे गृहस्थ बोलले होते, एकदा एक रिटायर्ड पायलट. एक दिवस तू घरी आलीस ती छत्री न मिटताच.

"मंदार, मला बोलावलं! टेहळणी बुरुजांवर बोला म्हणाली लिंडाबाई. इंग्रजीत!"

दोन महिने तू तयारी केलीस. आधी सगळं मराठीत लिहून काढलंस. मग डिक्शनरी घेऊन बसून इंग्रजीत. अवघड शब्दांच्या डोक्यावर देवनागरीत उच्चार लिहिलेस. गिफ्टच्या कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर स्केचपेनने किनारा काढलास आणि त्यावर एकेक बुरूज. स्वयंपाकघरात शलाका पोळ्या लाटायची आणि तू ओट्याला टेकून तिच्यासमोर भाषण म्हणायचीस. तीस वर्षं वर्गावर उभी राहिलेली बाई, पण हातातला कागद थरथरायचा तुझा. मी ते जाता-येता बघत होतो.

आता मी काय केलं ते लिहितो.

भाषणाच्या त्या आठवड्यात, बुधवारी, ऑफिसच्या कॅफेटेरियात ग्रेग माझ्याजवळ आला. ग्रेग म्हणजे माझा डायरेक्टर. आपल्याच भागात राहतो, हे तुला माहीत होतं. त्याने लायब्ररीच्या बोर्डावर तुझं नाव आणि आपलं आडनाव वाचलं होतं. "ही तुझी आई का? आम्ही येतोय ऐकायला. माझी बायको कॉलेजात इतिहासच शिकवते!" तो अगदी मनापासून आनंदाने बोलला, आई. त्यात काही वाकडं नव्हतं. वाकडं माझ्यात होतं. त्याच महिन्यात टीमच्या मॅनेजरपदासाठी माझं नाव त्याच्यासमोर होतं.

मी घरी आलो तर तुझा सराव चालू होता. "सोल्जर्स वेअर स्टँडिंग ऑन दि टावर अँड वॉचिंग दि सी." प्रत्येक शब्द सुटा, प्रत्येक अक्षरावर जोर, वर्ध्याच्या शाळेतल्या फळ्यावर लिहिल्यासारखा. मी दारात उभा राहिलो, आणि मला ते सगळं दिसलं. तू साडीत, पायात ते बूट, हातात गिफ्टचा कागद. पहिल्या रांगेत ग्रेग आणि त्याची बायको. त्यांच्या चेहऱ्यावरचं सभ्य, समजूतदार हसू. त्या हसूची मला इतकी भीती वाटली!

मला तुझी लाज वाटली, आई. हे वाक्य मी आठवडाभर मनात वेगवेगळ्या तऱ्हेने म्हणून बघितलं. काळजी वाटली, दडपण आलं, तुझी फजिती होऊ नये असं वाटलं. सगळं खोटं. लाज वाटली.

गुरुवारी दुपारी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून मी लायब्ररीत फोन केला. लिंडाला म्हणालो, आईला बरं नाही, शनिवारी जमणार नाही. ती किती हळहळली! मिस बाईंना सांगा, आम्ही वाट बघू, म्हणाली. दीड मिनिट लागलं सगळ्याला. संध्याकाळी तुला सांगितलं की लायब्ररीतून मला फोन आला होता, हॉलचा एसी बिघडलाय, कार्यक्रम कॅन्सल झालाय.

तू शनिवारची साडी इस्त्री करत होतीस. इस्त्री उभी केलीस, बटण बंद केलंस.

"असं? बरं. त्यांची अडचण असेल." मग जरा थांबून, "पुढच्या महिन्यात घेतील का रे?"

"विचारतो."

मी कोणालाच काही विचारलं नाही, हे तुला वेगळं सांगायला नको.

शनिवारी तू सहज चालत लायब्ररीकडे जाशील, ही मला धास्ती. म्हणून मी सकाळीच म्हणालो, चला, आज समुद्रावर जाऊ! अडीच तास ड्राइव्ह करून तुला किनाऱ्यावर नेलं. शलाका म्हणाली, आज कसं काय सुचलं? तू म्हणालीस, "भाषण राहिलं म्हणून मला वाईट वाटत असेल, हे कळतं त्याला." हे ऐकून मी एफएमचा आवाज वाढवला.

वाळूवर उभी राहून तू मला त्या दिवशी एका बुरुजाची गोष्ट सांगितलीस. रोमन सत्ता तिथे शेवटच्या घटका मोजत होती, त्या काळातला, इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या कड्याजवळचा बुरूज. तिथे खणलं तेव्हा आत माणसांचे सांगाडे सापडले, आणि एका मोठ्या कुत्र्याचाही. शेवटच्या झटापटीत जागीच मेले असावेत सगळे. "काय झालं असेल रे त्या दिवशी? त्यांनी इशारा दिला असेल का पुढच्या बुरुजाला? तिथे बघायला कोणी उरलं तरी असेल का? पहाऱ्यावरच्या माणसाला सोडून सगळे निघून गेले, आणि त्याला कोणी कळवलंच नाही, असं असेल का?" वारा इतका होता की तुला ओरडून बोलावं लागत होतं. मी घड्याळ बघितलं. दोन वाजून दहा मिनिटं. तुझं भाषण दोनला होतं.

हे मी तुला आज सांगतोय, पण तेव्हा मला खरोखर काय वाटलं होतं, सांगू? सुटलो, असं वाटलं.

सोमवारी ग्रेग लिफ्टमध्ये भेटला. "अरे, तुझ्या आईचं भाषण या शनिवारी होतं ना? आम्ही साफ विसरलो! मुलीची सॉकर मॅच होती." एवढंच. तो येणारच नव्हता! पहिल्या रांगेतलं ते हसू मी एकट्याने रंगवलं होतं. आणि ती मॅनेजरची जागा दुसऱ्या टीममधल्या एका बाईंना मिळाली. चांगलं काम करतात त्या.

त्यानंतरच्या आठवड्यापासून तू बुरुजांवर बोलणं सोडलंस. ते जाड पुस्तक परत करून आलीस. स्केचपेनचा तो नकाशाही कुठे दिसेना. मी शलाकाला म्हणालो सुद्धा, "बघ, उतरला नाद आईचा." थंडी सुरू झाली, आणि एका सकाळी अंघोळीहून येताना तू पॅसेजमध्ये कोसळलीस. हॉस्पिटलमध्ये चार दिवस. शेवटच्या दिवशी तुला बोलता येत नव्हतं, पण माझा हात तू घट्ट धरला होतास. मला वाटलं, तुला काही सांगायचंय. आता वाटतं, तुला काहीच सांगायचं नव्हतं. सांगायचं नाही हे तू कधीच ठरवून टाकलं होतंस.

गेल्या शनिवारी लिंडाचा फोन आला. लायब्ररीचं नूतनीकरण आहे, ऑफिसातली कपाटं रिकामी करताहेत, त्यात मिस बाईंची एक फाइल आहे, ती घेऊन जाता का? मी गेलो. तिने माझ्या हातात ती पिवळी फाइल दिली आणि मला खुर्चीवर बसवलं.

"ती त्या शनिवारनंतरच्या मंगळवारी आली होती," लिंडा म्हणाली. "मी तर तिच्यासाठी 'लवकर बऱ्या व्हा'चं कार्ड आणून ठेवलं होतं. तिला म्हटलं, अहो, तुम्ही आजारी ना? इतक्यात चालत कशा आलात? ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, हो, आजारी होते. माझा मुलगा फार काळजी घेतो माझी."

आई!

"मी म्हटलं, पुढच्या महिन्याची तारीख घ्या. तर म्हणाली, आत्ता नको. मुलाला नोकरीत टेन्शन आहे, त्याचं सगळं ठीक झालं की बघू. आणि ही फाइल इथे ठेवाल का, म्हणाली. घरी त्याच्या नजरेस पडली तर त्याला वाईट वाटेल."

मला वाईट वाटेल म्हणून! दोन महिन्यांची मेहनत तू घराबाहेर ठेवून आलीस, माझ्या डोळ्यांआड. आणि त्या मंगळवारी घरी येऊन मला काय विचारलंस, माहीत आहे? "आज साबुदाण्याची खिचडी करू का?" मी पोटभर खाल्ली.

थांब, इथेच संपत नाही. लिंडाने विचारलं, "आजार गंभीर होता का तेव्हा?" खरं बोलायची ती वेळ होती. तू जगात नव्हतीस, ग्रेग तिथे नव्हता, जागा कधीच गेली होती. कोणाची भीती होती मला? तरी मी मान हलवली आणि म्हणालो, "हो, तेव्हापासूनच तब्येत बरी नव्हती." तुझ्या फाइलवर हात ठेवून तेच खोटं मी दुसऱ्यांदा बोललो.

गाडीत बसून मी ते भाषण पहिल्यांदा वाचलं. तुझं गोल अक्षर, समासात सूचना: "इथे थांबणे", "इथे नकाशा दाखवणे", "हसू नये". शेवटचं पान मी किती वेळा वाचलं असेन! तिथे तू पूर्व किनाऱ्यावरच्या, नदीच्या मुखाशी असलेल्या किल्ल्याजवळच्या एका थडग्याबद्दल लिहिलं आहेस. सिरियातून आलेला एक माणूस. ब्रिटनमधल्याच एका स्त्रीला त्याने गुलामीतून मुक्त केलं, तिच्याशी लग्न केलं, आणि ती तिशीतच गेली. दगडावर वर लॅटिन मजकूर आहे, आणि त्यात चुका आहेत. खाली त्याच्या स्वतःच्या लिपीत एकच ओळ आहे, अतिशय सुंदर कोरलेली. तिचं नाव, ती कोण होती, आणि शेवटी फक्त "हाय!"

त्याखाली तुझं वाक्य आहे, आधी मराठीत आणि मग इंग्रजीत: "त्याचं लॅटिन चुकलं म्हणून त्याला आज कोणी हसत नाही. माझं इंग्रजी चुकलं असेल, तर तुम्हीही सांभाळून घ्याल."

तुला सगळं आधीच माहीत होतं. तुझे उच्चार, तुझी साडी, लोकांच्या नजरा, सगळं. तू त्याचं उत्तर तयार ठेवून उभी राहणार होतीस. आणि मी समजत होतो की मीच तुला फजितीपासून वाचवतोय!

घरी जाऊन शलाकाला सगळं सांगितलं. ती मटार सोलत होती. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी त्यांच्यासमोर रोज उभी होते रे. त्या चुकल्या की स्वतःच हसायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायच्या. आणि तू त्या दिवशी आम्हाला समुद्रावर नेलंस." तिने मटाराचं ताट बाजूला सरकवलं. म्हणाली, "मला काय सांगतोस? त्यांना सांग."

तुला सांगायच्या आधी मला आणखी एक करायचं होतं. मंगळवारी ऑफिसातून लवकर निघून मी पुन्हा लायब्ररीत गेलो. लिंडा पुस्तकांची खोकी बांधत होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं. आई आजारी नव्हती. मी खोटं बोललो. शनिवारी पुन्हा बोललो. मला तिची लाज वाटली म्हणून.

लिंडाने हातातली चिकटपट्टी खाली ठेवली. मला वाटलं, आता ती काहीतरी मऊ बोलेल, इथले लोक बोलतात तसं. ती म्हणाली, "त्या दिवशी तिचा चेहरा बघितला तेव्हाच मला शंका आली होती. मी तेव्हाच विचारायला हवं होतं. मीही गप्प बसले." आणि मग, "ते भाषण तू वाचशील का तिच्या वतीने?"

मी नाही म्हणालो. तुझं बोलणं मी आधी एकदा थांबवलं. आता तीच वाक्यं माझ्या सफाईदार इंग्रजीत म्हणून दाखवायची? मग तर मला जे हवं होतं तेच झालं असतं! तू बाजूला, आणि व्यासपीठावर तुझा शहाणा मुलगा.

हे शलाकाला सांगितलं तेव्हा ती उठली आणि आतून तिचा जुना फोन घेऊन आली. मला माहीतच नव्हतं, आई. शेवटच्या सरावाचं तिने पूर्ण रेकॉर्डिंग केलं होतं, तुला तुझा वेग ऐकता यावा म्हणून. बावीस मिनिटांचं. मी पहिलं मिनिट ऐकलं आणि बंद केलं. "गुड आफ्टरनून. आय ॲम कमिंग फ्रॉम वर्धा. इन वर्धा देअर इज नो सी." एवढंच ऐकवलं मला. तू किती ठणठणीत बोलली आहेस गं! कागद थरथरत असेल, आवाज नाही.

लिंडाला रेकॉर्डिंग पाठवलं. तिने विचारलं, मोठ्या पडद्यावर खाली इंग्रजी अक्षरं देऊ का, लोकांना समजायला सोपं जाईल? मी नको म्हणालो. ज्याला समजणार नाही त्याने जरा कान देऊन ऐकावं. माझ्यापासून सुरुवात.

नूतनीकरण संपलं की लगेचच्या महिन्यात, दुसऱ्या शनिवारी, दुपारी दोन वाजता, नव्या हॉलमध्ये तुझं भाषण आहे. बोर्डावर तुझं नाव लागेल. खाली माझं नाव नसेल, असं मी लिंडाला सांगितलंय. ग्रेगला मी काल स्वतः जाऊन बोलावलं. मागच्या वेळी ते का झालं नाही तेही त्याला सांगितलं. येतो, एवढंच तो म्हणाला. त्याला माझ्याबद्दल काय वाटलं असेल, ते मी ओळखायचा प्रयत्न केला नाही.

मला क्षमा कर, असं मी लिहिणार नाही. तू केव्हाच करून बसली आहेस आणि तेच मला पेलवत नाहीये. पण एक वचन देतो. त्या दिवशी मी हॉलमध्ये सर्वांच्या आधी उभा राहीन आणि त्या लोकांना सांगेन की ही माझी आई, हिला मी इथे बोलू दिलं नव्हतं. एसी नाही, आजार नाही, जे खरं ते. मग खाली बसेन, फोन गाडीतच ठेवून आलेलो असेन, आणि तुझी बावीसच्या बावीस मिनिटं, एकही शब्द न गाळता, ऐकेन.

तुझाच, अजून मान खाली असलेला,
मंदार